जुनी डिझेल पिकअप घाटात हीट पकडते? रेडिएटर बदलायच्या आधी हे बघा

दहा-बारा वर्षं झालेल्या, दोन-तीन लाख किलोमीटर पळालेल्या डिझेल पिकअपसाठी ही पोस्ट आहे. आमच्याकडे कोकणात एप्रिल-मे उजाडला की आंब्याच्या पेट्या भरून गाड्या वर कोल्हापूर-कऱ्हाडला निघतात आणि आंबा घाट, कुंभार्ली, फोंडा कुठेही बघा, कडेला बॉनेट उघडून एखादी पिकअप उभी असतेच. घरच्या गाडीचं, चुलत्यांच्या गाडीचं, वाडीतल्या बाकीच्यांचं हेच दुखणं इतक्या वेळा काढलंय की आता कोणी फोन केला की मी गाडी कुठली, मॉडेल कुठलं ते नंतर विचारतो, पहिला प्रश्न एकच, "कधी तापते?" अर्धं उत्तर तिथेच मिळतं.

लक्षणं आधी

– सपाटीला तापमानाचा काटा मध्यावर, घाट लागला आणि लोड असला की हळूहळू वर चढतो, उतार लागला की परत खाली येतो. म्हणजे उष्णता बाहेर टाकायची ताकद कमी पडतेय. जाळी बुजलेली, रेडिएटर आतून चोक, कुलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी) कमी, पंखा लुळा, यातलं काहीतरी.

– उभी असताना, ट्रॅफिकमध्ये, टोलच्या रांगेत तापते, पळायला लागली की थंड होते. ९० टक्के पंख्याकडे बघा. पळताना वारा आपोआप लागतो, उभ्या गाडीला पंख्याशिवाय कोण आहे.

– थंड गाडी चालू केल्यापासून पाच-दहा मिनिटांतच काटा लालमध्ये. थर्मोस्टॅट (पाणी रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व्ह) बंद अवस्थेत अडकलाय, किंवा आत हवा धरलीय, किंवा पाणीच नाहीये.

– काटा एकदम उडी मारतो, हेडलाइट लावला की वर जातो, बंद केला की खाली. हे बहुतेक वायरिंगचं, अर्थिंगचं.

– कुठे गळताना दिसत नाही पण दर दोन-चार दिवसांनी पाणी घालावं लागतं. "गाडी पाणी खाते" म्हणतात ते हे. याला हलक्यात घेऊ नका, खाली सविस्तर आहे.

– काटा वर गेला होता आणि अचानक धप्पकन खाली आला पण बॉनेटमधून वास येतोय, गाडी ओढत नाहीये. हे सगळ्यात वाईट. सेन्सर पाण्यात बुडलेला असतो तेव्हाच खरं सांगतो. पाणी उडून गेलं, सेन्सर कोरडा पडला की तो कमी तापमान दाखवायला लागतो आणि ड्रायव्हरला वाटतं झाली थंड. अशी गाडी तिथल्या तिथे बंद करायची, "पुढच्या टपरीपर्यंत" पण न्यायची नाही.

घाटातच काटा चढायला लागला तर

एसी बंद, हीटर फुल गरमवर आणि ब्लोअर शेवटच्या नंबरवर. मे महिन्यात केबिनमध्ये भट्टी होईल, होऊ दे. हीटरची जाळी म्हणजे एक छोटा रेडिएटरच असतो, तेवढी उष्णता इंजिनातून निघते. आणि एक खालचा गिअर टाका. तिसऱ्यात दमवत रेटण्यापेक्षा दुसऱ्यात मोकळ्या आरपीएमला चढवा, कारण वॉटर बॉडी (पाणी फिरवणारा पंप) आणि पट्ट्यावरचा पंखा दोन्ही इंजिनाच्या वेगावर चालतात, इंजिन रेंगाळलं की तेही रेंगाळतात.

तरी काटा चढतोच आहे पण वाफ नाही, तर रुंद जागा बघून उभी करा, चाकाला दगड लावा, इंजिन न्यूट्रलला थोड्या चढ्या आरपीएमवर दोन-तीन मिनिटं ठेवा म्हणजे पाणी फिरत राहतं. काटा उतरायला लागला तर ठीक. नाही उतरला, वाफ आली किंवा काटा लाल पट्टीत टेकला, की इंजिन बंद.

मग झाकणाला हात लावायचा नाही. आत पाणी शंभर डिग्रीच्या वर असतं आणि फक्त दाबामुळे उकळत नसतं, झाकण सैल झालं की त्याच क्षणी सगळं वाफ होऊन तोंडावर येतं. चेहरा-हात भाजलेले ड्रायव्हर मी बघितलेत. निदान पाऊण तास थांबा, रेडिएटरचा वरचा होज (रबरी पाइप) हातात धरवेल इतका थंड झाला की मग जाड गोणपाट टाकून झाकण पहिल्या खाचेपर्यंत फिरवा, दाब जाऊ द्या, नंतर पूर्ण काढा. आणि झऱ्याचं गार पाणी तापलेल्या इंजिनात एकदम ओतू नका, ब्लॉकवर बाहेरून तर नाहीच. हेडला (सिलिंडरवर बसणाऱ्या इंजिनाच्या वरच्या भागाला) चीर जायला तेवढं पुरतं.

आता तपासणी. सगळं गाडी रात्रभर थंड झाल्यावर सकाळी करायचं.

१. पाणी, तेही रेडिएटरमध्ये बघा

बाटलीत मिन-मॅक्सच्या मध्ये आहे म्हणून बरेच जण खूश असतात. जुन्या पिकअपमध्ये बऱ्याचदा प्रेशरचं झाकण रेडिएटरवर असतं आणि बाजूची बाटली नुसती साठवणीची असते. बाटली भरलेली आणि रेडिएटर दोन बोटं रिकामा, असं हमखास सापडतं. म्हणून थंड असताना रेडिएटरचं झाकण काढून आत बघा, पाणी तोंडापर्यंत पाहिजे. (ज्या गाड्यांमध्ये प्रेशरचं झाकण बाटलीवरच आहे तिथे अर्थातच बाटलीच बघायची.)

रंगही बघा. गंजलेलं तांबूस पाणी म्हणजे कोणीतरी वर्षानुवर्षं साधं पाणी भरत आलंय. कुलंट हे फक्त थंडीतल्या बर्फासाठी असतं, आपल्याकडे काय गरज, हे वाक्य मी आठवड्यातून एकदा तरी ऐकतो. बर्फ सोडा हो, त्यातलं गंजरोधक कामाचं आहे. वॉटर बॉडीचा पंखा, हेडमधल्या पाण्याच्या वाटा, रेडिएटरच्या नळ्या हे सगळं त्याच्यावर टिकतं. वर देशावर बोअरचं जड पाणी घातलं की आत क्षार चढतात, समुद्रालगतच्या विहिरीचं मचूळ घातलं की गंज. तयार मिसळलेलं कुलंट घ्या, किंवा कॉन्संट्रेट घेतलं तर अर्धं ते आणि अर्धं डिस्टिल्ड वॉटर, बॅटरीवाल्याकडे मिळतं ते. साध्या हिरव्या कुलंटचं आयुष्य साधारण दोन वर्षं धरा. वेगवेगळ्या रंगांची, वेगवेगळ्या कंपन्यांची सरमिसळ करू नका, काहींचं एकत्र आल्यावर आत चिखल होतो. आणि काढलेलं जुनं कुलंट अंगणात ओतू नका, ते चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात.

घाटात नाइलाजाने साधं पाणी घातलं तर चालेल, पण परत आल्यावर काढून नीट भरा.

२. झाकण

दोन-तीनशे रुपयांची वस्तू, आणि हिच्यापायी लोकांनी आख्खा रेडिएटर बदललेला बघितलाय. तत्त्व कुकरचंच आहे. झाकणावर ०.९ किंवा १.१ असा बारचा आकडा छापलेला असतो. ०.९ बारचा दाब टिकला तर साधं पाणीसुद्धा ११८ डिग्रीच्या आसपास जाऊन उकळतं, दाब टिकला नाही तर शंभरालाच. म्हणजे रबर कडक झालेलं झाकण असेल तर बाकी सगळं ठणठणीत असूनही गाडी घाटात पाणी फेकणार.

झाकण उलटं करून बघा. रबराच्या वायसरवर गोल खोल रेघ पडलीय, चिरा गेल्यात, स्प्रिंग गंजलीय, तर बदला. मध्ये एक बारीक दुसरा वॉल (व्हॉल्व्ह) असतो, तो नखाने ओढला की उघडून परत बसला पाहिजे. इंजिन गार होताना तो बाटलीतलं पाणी परत आत ओढू देतो. तो जाम असेल तर सकाळी वरचा होज चपटा झालेला दिसतो आणि बाटली भरलेली पण रेडिएटर रिकामा राहतो. बाटलीकडे जाणारी बारीक नळी चिरली असली तरी हेच होतं, पाण्याऐवजी हवा ओढली जाते. नवीन घेताना आकडा तोच घ्या. "जास्त प्रेशरचं बसवू, जास्त चांगलं" असं नसतं, जुने होज आणि हीटरची जाळी फुटतात.

३. समोरची जाळी आणि पंख्याचं कव्हर

इथे फुकटात सगळ्यात जास्त गाड्या बऱ्या होतात म्हणून जरा थांबून सांगतो.

बाहेरून जाळी स्वच्छ दिसते. पण एसीवाल्या गाडीत पुढे एसीची जाळी आणि तिच्या मागे रेडिएटर, मध्ये बोटभर फट, आणि सगळी घाण त्या फटीत. एकदा एका गाडीचे वरचे दोन बोल्ट काढून रेडिएटर मागे कलवला तर आत जांभ्याची लाल धूळ, पेंढ्याचे तुकडे, किडे आणि कुठून तरी गळलेलं ऑइल, सगळ्याचा मिळून गोधडीसारखा थर. बोटाने सोलून निघत होता. त्या गाडीला आधीच्या मेकॅनिकने नवीन वॉटर बॉडी बसवून झाली होती.

टॉर्च घ्या, रात्री मागून पंख्याच्या बाजूने लावा आणि पुढून बघा. उजेड आरपार दिसत नसेल तिथून वारा पण जात नाही. धुताना पाणी इंजिनाच्या बाजूने पुढे मारायचं, म्हणजे घाण आली त्याच वाटेने बाहेर पडते. वॉशिंग सेंटरचं प्रेशर जवळून मारू नका, पातळ पट्ट्या आडव्या पडतात आणि मग कायमची वाट बंद. ऑइल बसलं असेल तर भांड्याच्या साबणाचं पाणी मुरू द्या, नळाच्या साध्या पाइपने धुवा.

मग पंख्याभोवतीचं प्लॅस्टिकचं गोल कव्हर आहे का बघा. समोरून कधी ठोकलेली गाडी असेल तर ते तुटलेलं असतं आणि परत कोणी बसवत नाही, "त्याने काय होतंय". त्याने हे होतं की पंखा जाळीतून वारा ओढायचं सोडून बाजूची इंजिनातली गरम हवाच गोल गोल फिरवत बसतो. ट्रॅफिकमध्ये तापणाऱ्या कितीतरी गाड्यांना नुसतं हे कव्हर घातलं आणि काम झालं. तसंच पुढे काय काय टांगलंय तेही बघा, जाडजूड बंपर गार्ड, जादा लाइटी, नावाची पाटी, प्लॅस्टिकच्या फुलांचं तोरण. लिंबू-मिरचीला माझी हरकत नाही, ती वारा अडवत नाही.

४. पट्टा आणि होज

पट्टा मधोमध अंगठ्याने दाबा, साधारण एक सेंटिमीटर दबला पाहिजे. (ज्या गाडीला आपोआप ताण धरणारी पुली आहे तिथे हे मोजायचं नाही, फक्त पट्ट्याच्या चिरा आणि चकाकी बघा.) आतली बाजू काचेसारखी चकचकीत झालीय तर तो लोडवर घसरतो, सकाळी चीं चीं आवाज करतो तो हाच. पट्टा घसरला की वॉटर बॉडी, पंखा, अल्टरनेटर सगळंच मंद, म्हणून बॅटरीचा लाल दिवा आणि हीट एकत्र आले तर पट्टा तुटलाच समजा आणि लगेच थांबा.

होज हाताने पिळून बघा. थंड असताना दगडासारखा कडक किंवा भिजक्या पावासारखा मऊ, दोन्ही वाईट. क्लिपच्या कडेला पांढरी-हिरवी पावडर जमली असेल तर तिथून गरम असताना झिरपतं आणि वाळून जातं, खाली थेंब पडत नाही. खालचा होज विशेष बघा, वॉटर बॉडी त्यातून ओढते. आतली स्प्रिंग गंजून गेली असेल तर आरपीएम वाढवल्यावर तो चिपकतो आणि नेमकं गरज असते तेव्हाच पाणी बंद. दुसऱ्याला ॲक्सिलरेटर द्यायला सांगून लांबून बघा, कपड्याची टोकं, गळ्यातला गमछा सांभाळून.

५. पंखा

दोन प्रकार. पट्ट्यावरच्या पंख्याच्या मध्ये बऱ्याच गाड्यांत व्हिस्कस कपलिंग असतं, आत सिलिकॉन ऑइल आणि पुढे एक स्प्रिंगची पट्टी. रेडिएटरमधून येणारा वारा गरम झाला की ती पट्टी वॉल उघडते आणि पंखा घट्ट धरला जातो. सकाळी पहिल्यांदा चालू केल्यावर पंखा मोठ्याने घोंघावतो आणि मग शांत होतो, ते चांगलं लक्षण. इंजिन चांगलं गरम करून बंद करा, किल्ली खिशात घाला, आणि पंखा हाताने फिरवा. जड लागला पाहिजे, सोडला की लगेच थांबला पाहिजे. सुर्रकन तीन-चार वेढे फिरला तर कपलिंग गेलं. मधल्या गोलावर ऑइलचे ओघळ, पुढे-मागे खेळ, हे पण तेच सांगतात. काही जण कपलिंगला बोल्ट मारून पंखा कायमचा पक्का करतात. गावी पोचायला एकदा ठीक आहे, कायमचं नको, मायलेज जातं, आवाज होतो आणि वॉटर बॉडीच्या बेरिंगवर लोड येतो.

इलेक्ट्रिक पंखा असेल तर फ्यूज, रिले, जॅक (वायरचा जोड) या क्रमाने. एसी चालू केल्यावर पंखा फिरतो पण नुसत्या गरमीवर फिरत नाही, तर मोटर चांगली आहे, सेन्सरकडे चला. बॅटरीची केबल काढल्याशिवाय इलेक्ट्रिक पंख्याजवळ बोट घालू नका, इंजिन बंद असतानाही तो स्वतःहून चालू होऊ शकतो.

६. काटा खरं बोलतोय का

इन्फ्रारेड थर्मामीटर आता ऑनलाइन स्वस्तात मिळतो, वाडीत मिळून एक घेतला तरी चालतो. थर्मोस्टॅटच्या डब्याजवळ मारून बघा. काटा लाल आणि तिथे ८५ डिग्री, तर इंजिन बरोबर आहे, सेन्सर किंवा अर्थिंग खराब. बॅटरीच्या निगेटिव्हपासून चेसीकडे आणि इंजिनाकडे जाणाऱ्या पट्ट्या खोला, पॉलिश पेपरने घासा, घट्ट बसवा. आमच्या खाऱ्या हवेत या पट्ट्या हिरव्या होऊन आतून तुटतात, वरून शाबूत दिसतात.

७. थर्मोस्टॅट

इथपासून पाना लागतो. जोपर्यंत इंजिन गार आहे तोपर्यंत हा वॉल पाणी इंजिनातच फिरवतो, ठरलेल्या तापमानाला उघडून रेडिएटरकडे सोडतो. आकडा त्याच्यावरच कोरलेला असतो, ८२, ८८ वगैरे.

काढायच्या आधीची साधी चाचणी: थंड गाडी चालू करा, काटा मध्यावर येईपर्यंत वरचा होज गार राहिला पाहिजे आणि मग बऱ्यापैकी एकदम गरम झाला पाहिजे. काटा लालकडे चाललाय आणि होज अजून गार, म्हणजे वॉल उघडत नाहीये. काढल्यावर पातेल्यात पाणी उकळायला ठेवून दोरीने मध्ये लटकवा, तळाला टेकवू नका. उकळी यायच्या आधी उघडायला सुरुवात झाली पाहिजे, उकळत्या पाण्यात चांगला उघडलेला पाहिजे, बाहेर काढल्यावर मिटला पाहिजे. पातेलं गॅरेजचं घ्या, घरातलं दुधाचं नको, कुलंट विषारी आहे.

आणि आता तो प्रसिद्ध इलाज, "वॉल काढून फेकून दे, आयुष्यात हीट होणार नाही". सगळ्या घाटमाथ्यावर हा सल्ला मिळतो आणि मला तो अजिबात पटत नाही. एक तर इंजिन कायम गार राहतं, डिझेल जास्त पितं, सिलिंडर लवकर झिजतात. दुसरं म्हणजे बऱ्याच इंजिनांत हाच वॉल उघडताना खालच्या चकतीने बायपासची वाट बंद करतो. वॉल काढला की बायपास कायम उघडा, अर्धं पाणी रेडिएटरकडे न जाता तसंच परत इंजिनात, आणि गाडी घाटात आधीपेक्षा जास्त तापते. नवीन वॉल काही फार महाग नाही. बसवताना त्याच्या कडेला बारीक भोक किंवा हलणारी पिन असते ती वरच्या बाजूला ठेवा, हवा तिथून निघते.

८. हवा काढणं

पाणी काढून भरलं की हवा अडकतेच. गाडी चढावर तोंड वर करून लावा म्हणजे रेडिएटरचं तोंड सगळ्यात उंच येतं, हीटरचा नॉब फुल गरमवर, झाकण उघडं ठेवून थंड इंजिन चालू करा आणि हळूहळू भरत जा. थर्मोस्टॅट उघडला की पाणी एकदम खाली बसतं आणि बुडबुडे येतात, परत भरा. हीटरमधून चांगली गरम हवा यायला लागली की झालं. पाणी उसळायला लागायच्या आत झाकण लावा. दुसऱ्या दिवशी थंड असताना परत लेव्हल बघा, थोडी उतरलेली असते.

पण बुडबुडे थांबतच नाहीत, ॲक्सिलरेटर दिला की वाढतात, तर पुढची स्टेप सोडून सरळ शेवटच्या भागाकडे जा.

९. रेडिएटर आतून, आणि वॉटर बॉडी

रेडिएटर आतून चोक असेल तर थर्मामीटर जाळीवर फिरवल्यावर कळतं. पाणी आत येतं तिकडून बाहेर जातं तिकडे तापमान हळूहळू उतरत गेलं पाहिजे, मध्येच एखादा पट्टा एकदम गार लागला तर त्या नळ्या बंद आहेत. तांब्या-पितळेचा जुना रेडिएटर असेल तर टाकी खोलून रॉडिंग (नळ्यांतून सळई घालून सफाई) करून देणारे कारागीर अजून आहेत, चांगला माणूस मिळाला तर जरूर करा. ॲल्युमिनियम आणि प्लॅस्टिक टाकीवाल्यात रॉडिंगच्या भानगडीत पडू नका, तो बदलायचाच.

वॉटर बॉडीच्या खाली एक बारीक भोक असतं, तिथून थेंब येतोय किंवा ओघळ वाळलाय म्हणजे आतलं सील गेलं. ते भोक मुद्दाम दिलेलं असतं, पाणी बेरिंगमध्ये न जाता बाहेर दिसावं म्हणून, त्यामुळे कृपा करून ते चिकटवून बंद करू नका. पट्टा काढून पुली हलवा, खेळ असेल तर बदला. बाहेरून ठीक पण आतला पंखा गंजून खाल्लेला, हेही साध्या पाण्यावर चालवलेल्या गाड्यांत मिळतं, खोलल्याशिवाय कळत नाही. ज्या इंजिनात वॉटर बॉडी टायमिंग बेल्टवर चालते तिथे स्वतः हात घालू नका, एक दात चुकला की वॉल आणि पिस्टन एकमेकांवर आदळू शकतात.

रेडिएटरमध्ये घालायची गळती बंद करणारी पावडर, अंड्याचा बलक, हळद, सगळं ऐकलंय. गळतीबरोबर हीटरची जाळी आणि रेडिएटरच्या नळ्याही बंद होतात. नको.

१०. कूलिंगचा दोषच नसेल तर

डिझेलच्या उष्णतेतला साधारण तिसरा हिस्सा पाण्यातून बाहेर जातो, म्हणजे इंजिनाला जास्त राबावं लागलं की पाणीही जास्त तापणार. घाट चढून आल्यावर चाकांच्या ड्रमवर थर्मामीटर मारा, एक चाक बाकीच्यांपेक्षा खूप गरम म्हणजे ब्रेक धरून बसलाय. क्लच घसरतोय का, आरपीएम वाढतो पण गाडी वाढत नाही. एअर फिल्टर मातीने भरलाय का. टर्बोचा होज चिरलाय का, सुईंग आवाज, काळा धूर आणि ओढ गायब, मग ड्रायव्हर पाय तळाला टेकवूनच चढवतो.

आणि लोड. रागावू नका, पण एक पेटी वीस किलो धरली तर शंभर पेट्या म्हणजे दोन टन, तुमच्या आरसीवर किती लिहिलंय ते बघा. नवीन असताना चढत होती हे खरं, पण तेव्हा रेडिएटरही नवीन होता. दुपारी दोनला निघण्यापेक्षा पहाटे घाट ओलांडला तर याच गाडीचा काटा हलत नाही.

इथे थांबा, मेकॅनिककडे द्या

खालचं काहीही दिसलं तर गाडी चालवू नका, उचलून न्या:

झाकण उघडं ठेवून थंड इंजिन चालू केल्याबरोबर पाणी उसळतं किंवा सतत बुडबुडे येतात. सिलिंडरमधलं कॉम्प्रेशन पाण्यात मारतंय, हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधलं सील) गेलंय किंवा हेडला चीर आहे.

ऑइलची काडी काढली तर ऑइल दुधाळ, किंवा लेव्हल आपोआप वाढलीय. पावसाळ्यात नुसत्या ऑइलच्या झाकणाखाली थोडा पिवळट फेस येतो तो दमटपणाचा असू शकतो, त्याला घाबरू नका, पण काडीवर दुधाळ दिसलं तर एक किलोमीटरही नाही. पाणी मिसळलेलं ऑइल बेरिंगला वंगण देत नाही, दुरुस्ती हेडवरून क्रँकपर्यंत जाते.

सकाळी स्टार्टर टक्क करून अडतो, आदल्या दिवशी हीट झालेली. सिलिंडरमध्ये पाणी उतरलेलं असू शकतं. परत परत सेल्फ मारू नका, ढकलस्टार्ट तर अजिबात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

पाणी खाते, पांढरा गोडसर वासाचा धूर येतो, पण बुडबुडे नाहीत. ईजीआर कूलर (इंजिनात परत सोडला जाणारा धूर पाण्याने गार करणारा भाग) असलेल्या गाडीत तो आतून फुटला तरी असंच होतं आणि लोक उगाच हेड खोलतात. मेकॅनिकला आधी तो प्रेशरवर तपासायला सांगा.

आणि काटा लालमध्ये असताना गाडी चालवून बंद पडली असेल, तर घरच्या घरी काही करू नका.

हेड खोलायची वेळ आलीच तर गाडी देताना एवढं बोलून घ्या. गॅस्केट टाकायच्या आधी हेडवर पट्टी ठेवून फिलर गेजने बाक मोजायचा, ब्लॉकवरही, नुसतं डोळ्याने बघून नाही. मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढा बाक असला तरी नवीन गॅस्केट काही महिन्यांत परत जातं. चीर आहे का ते लेथवाल्याकडे प्रेशर टेस्टने बघायचं. फेसिंग (हेड घासून सपाट करणं) किती घ्यायचं त्याला कंपनीची मर्यादा असते, ती विचारा. डिझेलची गॅस्केट वेगवेगळ्या जाडीत येतात, कडेला खाचा किंवा भोकं असतात त्यावरून जाडी कळते, म्हणून जुनं गॅस्केट टाकून न देता दुकानात नेऊन खाचा जुळवूनच नवीन घ्यायचं. हेड बोल्ट ताणले जाणारे असतील तर नवीनच, आणि टॉर्क रेंचने, मधून बाहेर, टप्प्याटप्प्याने. "हाताचा अंदाज आहे मला" म्हणणाऱ्या मेस्त्रीकडे बाकी सगळी कामं द्या, हे नको. आणि ज्या कारणाने गाडी पहिल्यांदा तापली ते कारण वरच्या यादीतून शोधून आधी काढलंय का, हे बिल द्यायच्या आधी विचारा, नाहीतर पुढच्या सीझनला तेच हेड परत टेबलावर.